सांता क्लारातलं पोर्तुगाल : दोन दिवसांची सफर, पाचशे वर्षांची ओळख

तुम्ही हे रेडिओवर ऐकत असाल किंवा नंतर सवडीने वाचत असाल, आज आपल्याला फिरायला जायचंय. शनिवार-रविवार, दोनच दिवस, आणि जायचंय पोर्तुगालला!

लगेच तिकिटं बघायला घेऊ नका. इथून लिस्बन म्हणजे थेट विमानानेही अर्धा दिवस जातो, आणि सोमवारी सकाळी नऊला तुमची मीटिंग आहे हे मला माहीत आहे. आपण जायचंय ते सांता क्लाराहून निघून, एकाच सरळ रस्त्याने, वीस-पंचवीस मिनिटांच्या अंतरावर. बघायला चर्च आहे, म्युझियम आहे, खायला ताजा पाव आहे. आणि सोबत एक प्रश्न आहे. ज्या पोर्तुगीजांना आपल्या चिमाजी अप्पांनी वसईतून घालवलं, त्यांच्याच घरी आपण पाहुणे म्हणून कसे जायचं? तो प्रश्न वाटेत सोडवू.

शनिवारी सकाळी सुरुवात करा मिशन सांता क्लारापासून. सांता क्लारा विद्यापीठाच्या आवारात ते आहे. 12 जानेवारी 1777 रोजी स्पॅनिश फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी हे मिशन स्थापलं, आणि त्याच वर्षी 29 नोव्हेंबरला सॅन होजे हे गाव वसलं. मिशन आणि गाव यांना जोडणारा रस्ता तो 'द अलामेडा'. दोन्ही बाजूंनी झाडं लावलेला हा रस्ता ज्यांनी घामाने तयार केला ते इथले मूळ रहिवासी, ओलोनी लोक. आज तुम्ही अलामेडावरून सॅन होजेकडे निघालात की डाउनटाउनमध्ये त्याच रस्त्याचं नाव होतं 'सांता क्लारा स्ट्रीट', आणि पुढे पूर्वेला गेलात की 'आलम रॉक अव्हेन्यू'. रस्ता एकच, नावं तीन. आपल्या पुण्या-मुंबईच्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. गाडी नको असेल तर 22 नंबरची बस याच वाटेने जाते.

या रस्त्याच्या पूर्वेकडच्या टप्प्याला लोक 'लिटल पोर्तुगाल' म्हणतात. पण सॅन होजेला जायच्या आधी सांता क्लारातच एक थांबा घ्या. मिशनपासून जवळच, लाफायेट स्ट्रीटवर, एक मोठा हॉल आहे. त्याला एस.ई.एस. हॉल म्हणतात, म्हणजे 'सोसियेदादे दो एस्पिरितो सांतो', पवित्र आत्म्याची मंडळी. पोर्तुगीज वस्ती इथे शंभराहून जास्त वर्षांपासून आहे. तुमच्यापैकी कितीतरी जण त्या रस्त्याने रोज ऑफिसला जात असतील. मीही अनेक वर्षं जात होतो, आणि हा हॉल लग्नकार्याला भाड्याने मिळतो एवढीच माझी माहिती होती.

मग हे लोक कोण? इथेच पहिला गैरसमज दूर करायला हवा. सांता क्लाराचे पोर्तुगीज हे बहुतांशी लिस्बनचे नाहीत. ते आहेत अझोर्सचे. अटलांटिक महासागरात, लिस्बनपासून साधारण दीड हजार किलोमीटर पश्चिमेला, ज्वालामुखीने तयार झालेली नऊ बेटं आहेत. तेर्सेइरा, पिको, फायल, साओ जॉर्ज ही त्यातली काही नावं. जमीन थोडी, खाणारी तोंडं जास्त, बरीच शेती दुसऱ्याच्या मालकीची. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या न्यू बेडफर्डची देवमाशांची शिकार करणारी जहाजं या बेटांवर पाणी आणि भाजीपाला घ्यायला थांबत, आणि जाताना खलाशी म्हणून तिथली तरुण पोरं घेऊन जात. अशीच काही पोरं जगाला वळसा घालून कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला लागली. 1849 च्या सोन्याच्या धावपळीत आणखी आली. सोनं थोड्यांनाच मिळालं. बाकीच्यांनी जमीन धरली.

तेव्हा आपलं हे खोरं चिपचं नव्हतं, फळांचं होतं. जर्दाळू, आलुबुखार, चेरी. वसंतात सगळं खोरं फुलांनी पांढरं व्हायचं. अझोर्सच्या माणसांनी आधी दुसऱ्यांच्या बागांत मजुरी केली, मग खंडाने जमीन घेतली, मग पै-पै जमवून विकत घेतली. गाईगुरांचा धंदाही केला. फळं डबाबंद करण्याच्या कारखान्यांत बायका उभ्या राहिल्या. सांता क्लारात प्रॅट-लो नावाचा असा मोठा कारखाना होता. हंगामात तास मोजायचे नाहीत, फळ नासायच्या आत डब्यात गेलं पाहिजे. आज जिथे तुमच्या कंपनीचं पार्किंग आहे, तिथे कदाचित कुणा पोर्तुगीज बाईने जर्दाळू चिरून उन्हात वाळत घातले असतील.

परक्या देशात नवरा गेला, बाई एकटी पडली तर काय, हा प्रश्न त्यांनाही होता. विमा नव्हता, सरकारी मदत नव्हती. म्हणून त्यांनी आपापसांत मंडळं काढली. 1880 मध्ये सॅन लिआंद्रोला 'उनियाओ पोर्तुगेझा दो एस्तादो दा कालिफोर्निया', थोडक्यात यू.पी.ई.सी., हे मंडळ सुरू झालं. सभासद वारला की बाकीच्यांनी वर्गणी काढून त्याच्या कुटुंबाला रक्कम द्यायची. आपल्या गिरणगावातल्या खानावळी, गाववाल्यांच्या खोल्या आणि भिशी आठवली ना? 1898 मध्ये ओकलंडला बायकांनी स्वतःचं मंडळ काढलं आणि त्याला नाव दिलं राणी सांता इझाबेलचं.

ही राणी लक्षात ठेवा, उद्या रविवारी तिची पुन्हा गाठ पडणार आहे. आता अलामेडा धरा आणि पूर्वेकडे चला.

वाटेत तो वसईचा हिशेब मांडून घेऊ, कारण तो टाळून पुढे जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही.

1498 मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला. 1510 मध्ये आफोंसो द आल्बुकर्कने गोवा घेतलं. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला, त्यात मुंबईची बेटंही आली. पुढे 1661 मध्ये पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन हिचं इंग्लंडच्या राजाशी लग्न ठरलं, तेव्हा मुंबई आंदण म्हणून ठरली आणि 1665 मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेली. वसई मात्र पोर्तुगीजांकडेच राहिली, ती 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी घेईपर्यंत. त्या मोहिमेत मिळालेल्या चर्चच्या घंटा आपल्या देवळांत टांगल्या गेल्या. भीमाशंकरला, मेणवलीला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात तुम्ही त्या पाहिल्या असतील.

गोव्यात 1560 मध्ये इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायालय बसलं आणि मधली थोडी वर्षं सोडता 1812 पर्यंत चाललं. देवळं पाडली गेली, लोक देव पाठीवर घेऊन नदीपलीकडे गेले. या न्यायालयाने स्वतःच्या माणसांनाही सोडलं नाही. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहायचा. भारतातल्या औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक 1563 मध्ये गोव्यातच छापलं गेलं. तो ज्यू घराण्यातला. तो गेल्यावर त्याच्या बहिणीला जिवंत जाळलं, आणि 1580 मध्ये त्याची स्वतःची हाडं उकरून जाळली. आणि याच गोव्यात, 1616 मध्ये, थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठीत लिहिलेलं 'क्रिस्तपुराण' छापून झालं. एकाच सत्तेखाली एकीकडे भाषा दडपली जात होती आणि दुसरीकडे त्याच भाषेत ओव्या रचल्या जात होत्या. इतिहास असा गुंतागुंतीचा असतो.

शेवटी 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झालं. आपल्या मागच्या पिढीतल्या अनेकांनी त्या लढ्यात लाठ्या खाल्ल्या. तेव्हा 'पोर्तुगीज' म्हटलं की आपल्या कपाळाला आठी पडते, ती उगाच नाही.

पण आता अझोर्सच्या त्या शेतकऱ्याकडे बघा. वसईच्या किल्ल्यात तो नव्हता. लिस्बनच्या दरबारात त्याला कुणी विचारत नव्हतं. मागच्या शतकात पोर्तुगालमध्ये सालाझारची हुकूमशाही होती. 1961 पासून अंगोला, गिनी, मोझांबिकमध्ये वसाहती टिकवण्यासाठी लढाया सुरू झाल्या, आणि त्या लढायांना सक्तीने पाठवली जायची ती अशाच गरीब घरांतली पोरं. सैन्यात जायला नको म्हणूनही कित्येकांनी बेटं सोडली. 25 एप्रिल 1974 ला सैनिकांनीच उठाव करून ती राजवट उलथवली, लोकांनी बंदुकीच्या नळीत लाल फुलं खोचली. त्यानंतरच, 1974 च्या शेवटी, पोर्तुगालने गोवा भारताचा असल्याचं मान्य केलं. म्हणजे ज्या राजवटीने गोवा सोडायला नकार दिला, तिच्याच जाचातून सुटून हे लोक सांता क्लाराला आले होते. राज्यकर्ते आणि रयत यात फरक करायला आपल्याला कुणी शिकवायला नको. इंग्रजांच्या बाबतीत आपण तो केव्हाच केला. पोर्तुगीजांच्या बाबतीत राहून गेला.

बरं, पोहोचलो आपण. समोर दोन उंच मनोऱ्यांचं पांढरं चर्च दिसतंय, ते 'सिंको शागास', म्हणजे पाच जखमांचं चर्च. येशूच्या अंगावरच्या पाच जखमा. पोर्तुगालच्या राजचिन्हात ज्या पाच छोट्या ढाली आहेत त्यांचा संबंधही परंपरेने याच जखमांशी जोडतात. हा पॅरिश 1914 चा. दुसऱ्याच वर्षी, 1915 मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोला पनामा कालवा पूर्ण झाल्याच्या आनंदात मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. तिथे पोर्तुगालने आपला नक्षीदार मंडप उभारला होता. प्रदर्शन संपलं, मंडप मोडायची वेळ आली. इथल्या लोकांनी त्याचं लाकूडसामान आणलं आणि आपल्या चर्चच्या बांधकामात वापरलं. सरकारने चार दिवसांच्या दिमाखासाठी बांधलेलं, ते बागेत राबणाऱ्यांनी कायमचं करून टाकलं.

आत जाताना शांतपणे जा, हे चालतं चर्च आहे. रंगीत काचा, कोरीव लाकूड, छताची उंची सावकाश बघा. प्रार्थना पोर्तुगीजमध्ये होते, इंग्रजीतही होते. पूर्वी नुसती पोर्तुगीज पुरायची. हे वाक्य मी सहज म्हणालो, पण ते मनात ठेवा.

आता भूक लागली असेल. लिटल पोर्तुगालमध्ये बेकरी आहे, किराणा आहे, फुटबॉलची मॅच लावून बसलेले कॉफीवाले आहेत. बेकरीत शिरा आणि काउंटरवर बोट दाखवून 'पाव' म्हणा. खरंच म्हणून बघा. त्यांचा उच्चार थोडा नाकातून आहे, पण त्यांना कळेल. कारण शब्द त्यांचाच आहे. आपल्याकडे यीस्ट घालून फुगवलेली भट्टीची भाकर पोर्तुगीजांनी रुजवली. गोव्यात यीस्ट मिळेना तेव्हा माडी घालून पीठ आंबवलं, आणि तिथला पाववाला 'पोदेर' अजून सकाळी सायकलचा हॉर्न वाजवत येतो. आपला वडापाव, मिसळपाव, पावभाजी या सगळ्यांचं अर्धं नाव पोर्तुगीज आहे. वड्यातला बटाटाही तसाच, पोर्तुगीजमध्ये आजही 'बताता'. म्हणजे दादर स्टेशनबाहेर उभं राहून आपण जो अस्सल मराठी पदार्थ खातो, त्यातला पावही पोर्तुगीज आणि बटाटाही पोर्तुगीज. आपलं बेसन आणि आपली करामत!

यादी लांबते. अननस, काजू, पपई ही झाडंच पोर्तुगीज जहाजांतून अमेरिका खंडातून आली आणि नावंही सोबत घेऊन आली. मिरचीही तिकडचीच. ती नसेल तर ठेच्याचं काय झालं असतं, विचार करा. कोबी हा शब्द त्यांचा. चावी, बादली, घमेलं, इस्त्री, लिलाव हे शब्दही त्यांचेच. आणि महिन्याच्या शेवटी आपण ज्याची वाट बघतो तो पगारसुद्धा! हापूस हे नाव आफोंसोवरून आलं. ज्याने गोवा जिंकलं त्याचं नाव आपण दर मे महिन्यात प्रेमाने घेतो, आणि रत्नागिरी की देवगड यावर भांडतो.

बेकरीतून दोन गोष्टी घ्या. पहिली 'पाश्तेल द नाता'. पापुद्र्याच्या वाटीत अंड्याचं घट्ट कस्टर्ड, वर भाजल्याचे काळपट डाग. लिस्बनच्या बेलें भागात जेरोनिमुस मठाजवळ 1837 पासून हे विकणारं दुकान आहे. 1834 मध्ये सरकारने मठ बंद केले, तेव्हा मठातली कृती बाजारात आली असं सांगतात. त्याच मठाच्या चर्चमध्ये वास्को द गामाचं थडगं आहे. गरम असतानाच खा, वर दालचिनीची पूड भुरभुरवून. दुसरी गोष्ट 'मासा सोवादा', म्हणजे गोडसर, अंडं आणि लोणी घातलेला मऊ पाव. हा खास अझोर्सचा. चहाबरोबर खाल्लात तर इराण्याच्या हॉटेलातल्या ब्रून-मस्क्याची आठवण येईल, जरी चव वेगळी आहे.

किराणा दुकानात वाळवलेला, खारवलेला मासा लाकडाच्या फळीसारखा ताठ उभा दिसेल. तो बाकाल्याव, म्हणजे खारवलेला कॉड. कोकणातल्या माणसाला सुक्या मासळीचं कौतुक समजावून सांगावं लागत नाही. आणि मसालेदार मांसाच्या पाककृतीचं एक नाव मिळेल, 'व्हिन्या दाल्योस'. व्हिन्या म्हणजे वाइन किंवा तिचा आंबूस भाऊ व्हिनेगर, आल्यो म्हणजे लसूण. जहाजावर मांस टिकावं म्हणून यात मुरवायचे. हेच गोव्यात पोहोचलं, त्यात लाल मिरची पडली, आणि झालं विंदालू. अनेकांना वाटतं त्यात 'आलू' आहे, म्हणून हॉटेलात बटाटे घालून देतात. आता तुम्हाला माहीत आहे, आलू नव्हे, लसूण!

आणखी एक सांगायचं राहिलं. 2015 मध्ये याच लिटल पोर्तुगालमध्ये 'अडेगा' नावाचं पोर्तुगीज रेस्टॉरंट निघालं, आणि 2016 मध्ये त्याला मिशेलिनचा तारा मिळाला. सॅन होजे शहरात तोवर कुणालाच तो मिळालेला नव्हता. एवढ्या श्रीमंत खोऱ्यातल्या मोठ्या शहराचा पहिला तारा आलम रॉकच्या साध्या वस्तीत, पोर्तुगीज जेवणाला मिळाला.

शनिवार संपला. घरी या, पाय पसरून बसा, आणि उद्याच्या आधी एक गोष्ट ऐका. ही त्यांची आहे आणि आपलीही आहे.

1917 साली अमेरिकेने एक इमिग्रेशन कायदा केला. त्यात एका कलमाने सांगितलं की येणाऱ्याला वाचता आलं पाहिजे. अझोर्सच्या बेटांवर शाळा कमी, निरक्षर जास्त. त्यांचं येणं आटलं. त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने आशियाच्या नकाशावर एक पट्टा आखला आणि तिथल्या लोकांना दार बंद केलं. त्या पट्ट्यात भारत होता. 1923 मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्व नाकारलं. 1924 मध्ये देशवार कोटे ठरले, पोर्तुगालच्या वाट्याला वर्षाला पाचशेच्या आसपास माणसं आली. भारतीयांसाठी 1946 मध्ये दार किलकिलं झालं तेव्हा कोटा होता वर्षाला 100.

मग 27 सप्टेंबर 1957 ला फायल बेटाच्या टोकाला, कापेलिन्युशला, समुद्रातून ज्वालामुखी उसळला. तेरा महिने तो धुमसत होता. घरं राखेखाली गेली, शेतं गेली. तेव्हा सिनेटर जॉन केनेडी आणि सिनेटर जॉन पास्तोरे यांनी पुढाकार घेऊन 1958 मध्ये अझोर्सच्या विस्थापितांसाठी कायदा करून घेतला. 1500 कुटुंबप्रमुखांना व्हिसा. दार जे उघडलं ते बंद झालं नाही. आणि 1965 मध्ये देशवार कोटेच रद्द करणारा कायदा आला. त्या कायद्याने अझोर्सचे हजारो लोक पुन्हा कॅलिफोर्नियाला आले. त्याच कायद्याने पुण्या-मुंबईचे, नागपूरचे, सांगलीचे इंजिनिअर आणि डॉक्टरही आले. 1917 ला एकाच कायद्याने दोघांना बाहेर ठेवलं, 1965 ला एकाच कायद्याने दोघांना आत घेतलं. ते फळबागांच्या शेवटच्या दिवसांत आले, आपण चिपच्या पहिल्या दिवसांत. मधल्या काळात बागा गेल्या आणि त्यांच्या जागी आपली ऑफिसं आली.

रविवारी सकाळी केली पार्कात जा. तिथल्या हिस्ट्री पार्कमध्ये 1997 पासून पोर्तुगीज ऐतिहासिक म्युझियम आहे. जाण्याआधी उघडण्याच्या वेळा बघून घ्या. इमारत छोटी आहे, आणि तिचा आकार आहे 'इंपेरियो'चा. इंपेरियो म्हणजे पवित्र आत्म्याचा मुकुट ठेवायचं छोटं देवघर. इथे आपली राणी पुन्हा भेटते.

राणी इझाबेल, पोर्तुगालचा राजा दिनिस याची बायको. 1336 मध्ये ती वारली. कथा अशी की देशात दुष्काळ पडला, तिने पवित्र आत्म्याला नवस केला की लोक वाचले तर माझा मुकुट तुला. दुसरी कथा अशी की ती गरिबांना वाटायला पदरात पाव लपवून नेत होती, राजाने अडवलं, पदर उघडला तर आत गुलाबाची फुलं. आपल्या दामाजीपंतांची गोष्ट आठवली? दुष्काळात कोठारं उघडणारा, राजाच्या रोषाला न घाबरणारा. भुकेच्या गोष्टी सगळीकडे सारख्याच असतात.

तिच्या नावाने 'फेश्ता' होतो. ईस्टरनंतर सुरू होऊन उन्हाळाभर, कॅलिफोर्नियाच्या एकेका गावाचा एकेक रविवार. सांता क्लाराचाही एक असतो. एखाद्या मुलीला राणी करतात, तिच्या खांद्यावर कित्येक फूट लांब भरजरी झूल असते, बँड वाजतो, मुकुटाची मिरवणूक चर्चपर्यंत जाते. आणि परत आल्यावर हॉलमध्ये लांब टेबलं लागतात. जेवण एकच, 'सोपाश'. जाड पावाचे तुकडे, वर पुदिन्याची पानं, कोबी, आणि त्यावर तासन्‌तास शिजवलेल्या गोमांसाचा गरम रस्सा. रश्श्यात दालचिनी, लवंग, जिरं. पैसे घ्यायचे नाहीत. कोण कुठला हे विचारायचं नाही. जो येईल तो बसेल.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात गोमांस चालत नाही, आणि अनेकजण मांसाहारच करत नाहीत. त्यांनी बेधडक सांगावं आणि मासा सोवादा खावा, कुणी वाईट मानत नाही. पण त्या टेबलाकडे बघा. पंगत आपल्याकडेही आहे, महाप्रसाद आहे, भंडारा आहे. मात्र आपल्या पंगतीत कोण कुठे बसणार हे शतकानुशतकं जातीने ठरत आलं, हेही आपण जाणतो. खोऱ्यात मजूर म्हणून आलेल्या माणसांनी स्वतःचं पोट भरताच पहिली गोष्ट जर अशी केली असेल की ओळख न विचारता दुसऱ्याला जेवू घालायचं, तर त्यातून शिकण्यासारखं आहे.

आणि तो रस्सा आपल्याला अगदीच परका नाही. भारतातून मसाला घेऊन परतणारी पोर्तुगीज जहाजं लिस्बनला पोहोचण्याआधी अझोर्सच्या तेर्सेइरा बेटावर, आंग्रा बंदरात थांबत. वास्को द गामा पहिल्या सफरीवरून परतताना त्याचा भाऊ पाउलो आजारी होता, तो 1499 मध्ये याच आंग्राला वारला आणि तिथेच पुरला गेला. कालिकतच्या किनाऱ्यापासून या बेटापर्यंत ही वाट तेव्हापासून आहे. लोक पाय ठेवायच्या कितीतरी आधी आपला मसाला तिथे उतरला होता.

आता शेवटची गोष्ट, ज्यासाठी मी तुम्हाला दोन दिवस फिरवलं. मगाशी चर्चमध्ये मी म्हणालो की पूर्वी नुसती पोर्तुगीज पुरायची, आता इंग्रजी लागते. या खोऱ्यात वर्षानुवर्षं पोर्तुगीज रेडिओचे कार्यक्रम चालले, आपल्यासारखेच, हौसेने. तिसऱ्या-चौथ्या पिढीची मुलं आजीशी पोर्तुगीजमध्ये बोलू शकत नाहीत. पण फेश्त्याच्या दिवशी तीच मुलं दूरच्या गावांहून गाडी चालवत येतात, मुकुटामागे चालतात, टेबलावर वाढायला उभी राहतात. भाषा पातळ झाली, पण हॉल उभा आहे. फुकटचं जेवण चालू आहे.

आपला गणपती दहा दिवसांपैकी एखाद्या शनिवारी भाड्याच्या हॉलमध्ये येतो आणि संध्याकाळी खुर्च्या उचलून आपण घरी जातो. मराठी शाळा आहे, नाटकं होतात, दिवाळी फराळाचे डबे येतात. हे सगळं छान आहे. पण शंभर वर्षांनी, जेव्हा आपल्या पणतवंडांना 'चावी' हा शब्दही ठाऊक नसेल, तेव्हा त्यांना वर्षातून एकदा एकत्र आणणारी, आणि शेजाऱ्यालाही ताट मांडणारी आपली कोणती जागा असेल? याचं उत्तर मी देत नाही. ते तुम्ही-आम्ही मिळून द्यायचं आहे.

येताना गाडी अलामेडावरून आणा. मागच्या सीटवर पावाची पिशवी असेल. घरी बटाटेवडे करा, पाव मधोमध चिरा, लसणाची चटणी लावा. आणि मुलांना सांगा की हा पाव कुठून कुठे गेला, आणि कुठून कुठे परत आला.

पुढच्या भागात भेटू. तोवर नमस्कार.